कीबोर्डवरचं फूल

तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या टपरीला लागून एक बैठी चाळ होती. तिच्या कोपऱ्यातल्या खोलीवर पाटी होती : ‘शारदा टायपिंग क्लास’. पाटी रामकिसननं स्वतः रंगवलेली. कारखान्यातून उरलेला निळा रंग आणला तो ‘क्लास’पर्यंत येता येता संपला, म्हणून शेवटचा ‘स’ हिरवा. येणारेजाणारे बघून हसत. रामकिसनची बायको हिरा म्हणायची, “हसू द्या की. हसतात म्हणजे वाचतात.”

हा क्लास हिराचाच. हिरा मूळची परभणीकडची. लग्न होऊन बोईसरला आली तेव्हा गाडीतून उतरल्याबरोबर तिच्या नाकात दोन वास शिरले, एक कारखान्यांचा आणि एक समुद्राचा. कारखान्यांच्या वासाची सवय झाली, समुद्राचं मात्र तिला नवल वाटत राहिलं. दिसत नाही, ऐकू येत नाही, पण घरात घुसून बसतो! माहेरहून आणलेल्या ट्रंकेच्या बिजागऱ्या एका पावसाळ्यात गंजल्या. साडीला लावलेली पिन चार दिवस काढली नाही तर साडीवर तपकिरी डाग. मीठ तर बरणीत पाण्यासारखं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, “या गावात लोखंडालाबी सर्दी होती बाई.”

आल्यावर दोन वर्षांत हिरा औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. दिवसभर गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची. हात चालत, डोकं रिकामं. त्या रिकाम्या डोक्यात तिनं ठरवलं की आपण टायपिंग शिकायचं. शिफ्ट सुटली की पालघरला जायची, तिथल्या क्लासात बसायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. परीक्षा पास झाली, जुनी दोन यंत्रं घेतली, समोरच्या खोलीत मांडली आणि चाळीतल्या पोरींना शिकवायला लागली. सकाळी पॅकिंग, संध्याकाळी टकटक.

मग गेल्या दिवाळीत रामकिसन एक दिवस टेंपोतून आला. शेजारी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते असं पोटाशी धरलेलं की शेजारणींना वाटलं घरात बाळ आलं. कारखान्याच्या ऑफिसात नवे संगणक आले होते, जुना काढून टाकत होते. रामकिसन तिथं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. त्यानं साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले घेऊन जा. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि विटेएवढा जाड कीबोर्ड.

“काय करायचं याचं?” हिरा म्हणाली.

“तू कर. मला फक्त बटण चालू करता येतं.”

हिरानं केलं. पुस्तक आणलं, पालघरच्या सरांना विचारून विचारून हैराण केलं, आणि सहा महिन्यांत त्याच्यावर पत्र लिहायला, पुसायला, जपून ठेवायला शिकली. श्रावणात तिनं पॅकिंगची नोकरी सोडली. सगळ्या चाळीला सांगितलं, दसऱ्याच्या मुहूर्तावर संगणकाचा क्लास सुरू. बोईसरात तेव्हा असा क्लास कुठं नव्हता. ज्या पोरींना पॅकिंगशिवाय दुसरं दार माहीत नव्हतं, त्यांच्या आया येऊन नावं घालून गेल्या.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाविषयी सांगायला हवं. हिराच्या सासूबाई, सोजराबाई. हिरा त्यांना आत्याबाई म्हणायची. पहाटे उठून अंघोळ, मग देवपूजा. आतल्या खोलीच्या भिंतीला ओल यायची म्हणून देव समोरच्या खोलीतच होते, कोपऱ्यात, पडद्याआड. पूजा झाली की सोजराबाई तीर्थाची वाटी आणि फुलांचं तबक घेऊन घरभर फिरत. ज्याच्यावर घर चालतं तो देव, असा त्यांचा साधा हिशेब. चुलीला फूल, शिवणयंत्राला फूल, दोन्ही टाइपरायटरना फूल. आणि संगणक घरात आल्यापासून त्याला सगळ्यांत मोठं फूल, तीर्थात बुडवून, कीबोर्डच्या बरोब्बर मध्ये. क्लास उघडायच्या आधी हिरा ते उचलायची, कपाळाला लावायची आणि तुळशीत ठेवायची. तिलाही ते आवडायचं. ओलं झेंडूचं फूल ठेवलेल्या यंत्राशी काम सुरू करताना मन कसं नीट बसायचं.

पावसाळ्यात वीज सारखी जायची. संगणक बराच वेळ क्रोशाच्या रुमालाखाली बंदच होता. फूल मात्र रोज होतं. आत्याबाई रुमाल उचलून ठेवत, वर पुन्हा रुमाल झाकत. देवाला पावसाळ्याची सुट्टी थोडीच असते!

नवरात्राच्या सातव्या माळेला समुद्रकाठच्या दांडी गावाहून काशीबाई आली. काशीबाई म्हणजे मासळीची पाटी घेऊन चाळीत येणारी, आवाज असा की ती कोपऱ्यावर वळली की शेवटच्या खोलीतलं मांजर उठून उभं राहायचं. तिची पोरगी चिमी, दहावी झालेली, क्लासात नाव घातलेली पहिली मुलगी.

पाटी ओट्यावर ठेवून काशीबाई दारात उभी राहिली. “काय गं मास्तरीण, तुजा तो टीव्ही चालू हाय का?”

“टीव्ही नव्हे काशीबाई, संगणक.”

“तेच ते. बग, मी साधी बाई हाय. चिमीचा मामा बोलतो, कोलंबी सोलायला पाठव, सोमवारपास्नं काम हाय. चिमी बोलते, मी हिथंच शिकनार. मी बोलली, दसऱ्याला मी येनार, मास्तरनीनं माजं नाव त्या काचेवर काढून दाखवलं पायजे. निगालं तर पोरगी तुजी. नाय निगालं तर कोलंबी हाय.”

“दसऱ्याला कशाला? आत्ता काढते,” हिरा म्हणाली. तिला हुरूप आला होता. रुमाल काढला, संगणक चालू केला, हिरवी खूण लुकलुकायला लागली. तिनं इंग्रजीत काशीबाईचं नाव दाबलं. एच दाबला, काही नाही. बी दाबला, काही नाही. पुन्हा दाबला, जोरात दाबला. काचेवर उरलं ते ‘कासिआई’.

काशीबाईला वाचता येत नव्हतं, पण माणसाचा चेहरा वाचता यायचा. “काय झालं गं? माजं नाव त्याच्या घशात अडकलं काय?”

“धूळ असेल. दसऱ्याला बघा तुम्ही.”

“बगते तर,” काशीबाई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन हसत गेली. हिराला मात्र हसू आलं नाही. ती एकेक बटण दाबत बसली. मधली जी, एच, बी, ही तीन बटणं मुकी आणि खालची लांब पट्टी, जिनं दोन शब्दांत अंतर पडतं, तीही मुकी. बाकी सगळी बोलत होती. पॅकिंगची नोकरी तर सुटलेली. दसऱ्याला चाळीच्या सगळ्या बायका आणि पोरी येणार होत्या. आणि चिमी गेली की तिच्यामागे बाकीच्याही जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी रामकिसन आला. त्यानं वायर काढली, कीबोर्ड उलटा केला, स्क्रू काढले. बटणांच्या टोप्या ओढून काढल्या. मुक्या बटणांच्या खाली, जिथं दोन पातळ पत्र्या एकमेकींना टेकतात, तिथं हिरवट निळं बुरशीसारखं काहीतरी जमलं होतं. बाकीच्या पत्र्या पिवळ्या, चकचकीत.

“गंजलंय,” तो म्हणाला. “तांबं दिसतंय. चिंच लाव, आईच्या तांब्यासारखं लखलखेल.”

तो म्हणाला गमतीनं आणि गेला अंघोळीला. हिरानं ते खरं धरलं. घरात तांब्यापितळेला चिंच आणि मीठ, यापलीकडे औषध कुणी पाहिलं होतं? तिनं काडीला चिंचेचं पाणी लावून ‘बी’च्या पत्र्यांना चोळलं. पत्र्या अशा चमकल्या की बघत राहावं. दाबून बघितलं तर बी उमटला, सरळ, हिरवागार. हिरा एकटीच टाळ्या वाजवून हसली.

आठव्या माळेच्या सकाळी पाहते तर बी पुन्हा मुका, आणि पत्र्या आधीपेक्षा हिरव्या.

“अगं, मी थट्टा केली होती!” रामकिसन कपाळाला हात लावून खाली बसला आणि हसायलाच लागला. “चिंचेचं पाणी आत राहिलं, वर मिठाचा वारा. त्याला आयतं जेवण दिलंस. बी म्हणजे काय पंचपात्र आहे?”

“मग आधी का नाही सांगितलंत? हसताय काय!”

“ऐक आता. कंपनीत आम्ही विजेच्या रिलेचे पॉइंट, म्हणजे अशाच टेकणाऱ्या पत्र्या, पुसतो तसं कर. कंपाउंडरकडून स्पिरिट आण. पोस्टकार्डाची बारीक पट्टी काप, स्पिरिटात बुडव, दोन पत्र्यांच्या मधे घाल, वरून हलकं दाबून धर आणि पट्टी ओढून घे. घासायचं नाही, ओढायचं. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. वायर काढलेली पाहिजे, आणि स्पिरिट वाळल्याशिवाय चालू करायचं नाही.” मग तो गंभीर झाला. “पण हिरा, पाणी कुठून आलं गं? छत तर गळत नाही. आणि बरोब्बर मधेच कसं?”

हिरा काही बोलणार तोच पडद्याआडून आत्याबाई आल्या, हातात तीर्थाची वाटी आणि ओलं फूल. कीबोर्ड उघडा पडलेला बघून थबकल्या. “काय झालं गं याला?”

“साफ करतोय, आत्याबाई,” हिरा म्हणाली.

“करा, करा. यंदा तर मुहूर्त त्याचाच हाय,” असं म्हणून त्यांनी फूल कुठं ठेवावं म्हणून क्षणभर बघितलं आणि संगणकाच्या बंद पडद्याच्या डोक्यावर ठेवून गेल्या. फुलाचं पाणी काचेवरून ओघळत खाली आलं.

रामकिसन आणि हिरा एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनाही एकाच वेळी कळलं. जी, एच, बी आणि लांब पट्टी. बरोब्बर एका झेंडूएवढी जागा.

“तू सांग,” रामकिसन हळूच म्हणाला.

“मी? तुमची आई आहे.”

“म्हणूनच तू सांग.”

कुणीच सांगितलं नाही. कसं सांगणार? त्या बाईनं वर्षभर हातांनी फुलं निवडून ठेवली होती ती सुनेच्या यशासाठी. त्यांना सांगायचं की त्या फुलानंच सुनेचं दुकान बसतंय? हिराला तो विचारही सोसेना. तिनं ठरवलं, गुपचूप दुरुस्त करायचं, वर एक लाकडी झाकण करून घ्यायचं, बस.

नवव्या माळेला, खंडेनवमीला, दुपारी आत्याबाई शेजारी भजनाला गेल्या. रामकिसन पाळीवर होता. हिरानं दार लोटलं, वायर काढून ठेवली, पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापल्या, वाटीत स्पिरिट ओतलं. पट्टी आत घातली, दाबून धरली, ओढली. पट्टीवर हिरवी काळी रेघ. नवी पट्टी. पुन्हा रेघ. ‘जी’ साफ झाला, ‘एच’ झाला. चिंच खाल्लेल्या ‘बी’नं फार त्रास दिला, पण शेवटी तोही झाला. राहिली लांब पट्टी. तिच्या खालची स्प्रिंग काढताना ती बोटांतून सुटली, टिंग असा आवाज झाला आणि गेली.

हिरा जमिनीवर ओणवी. टेबलाखाली, चटईखाली, टाइपरायटरच्या पायांत, केरसुणीच्या मागे. स्प्रिंग नाही. चटई झटकली, उशा झटकल्या, दिवाळीत हरवलेलं एक कानातलं सापडलं, स्प्रिंग नाही. उद्या दसरा. जी, एच, बी बोलतील, पण सगळे शब्द एकमेकांत घुसलेले! ती खाली बसूनच राहिली.

संध्याकाळी आत्याबाई आल्या, हातपाय धुऊन घटावर पाणी शिंपडायला अर्धवट सरकवलेल्या पडद्याआड गेल्या. मग आतून आवाज आला, “हिरा, अगं इकडं ये. घटात गहू पेरला होता, हे काय उगवलंय?”

पिवळ्या कोवळ्या अंकुरांच्या मधे, मातीत रुतून, एक चिमुकली स्प्रिंग उभी होती.

हिरानं एकदम हात जोडले. देवीला जोडले की स्प्रिंगला, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिला रडू आलं आणि हसूही. आत्याबाई स्प्रिंग चिमटीत धरून उभ्या. “कामून रडायलीस? आणि सुईच्या औषधासारखा वास कशाचा येतोय? त्याला सुई टोचायलीस का काय?”

आता लपवायला जागाच नव्हती. हिरानं सगळं सांगितलं. काशीबाईची अट, मुकी बटणं, चिंच, पट्ट्या. फुलाचं सांगायच्या वेळी मात्र ती अडखळली. “पाणी गेलं होतं जरासं… आतमधे…”

आत्याबाई टेबलाजवळ आल्या. बटणं काढलेल्या जागेवर त्यांनी आपली मूठ ठेवून बघितली, फूल ठेवत तशी.

“फुलानं?”

“आत्याबाई, तसं नाही…”

“फुलानंच. ओलं फूल. वर्षभर.” त्या खाली बसल्या. हिराही शेजारी टेकली. मग त्या मान हलवत म्हणाल्या, “माझा बाळकृष्ण रोज दूध, दही, मध, काय काय अंगावर घेतो आणि हसत असतो. याला तीर्थाचे चार थेंब सोसंनात! लई नाजूक देव आणला बाई तुझ्या नवऱ्यानं.”

आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की हिराला आधी कळलंच नाही त्या हसतायत की रडतायत.

“दाखव काय राहिलंय ते.”

“लांब पट्टी. तिच्या पत्र्या खोलात आहेत, पोस्टकार्ड वाकतं. शिरतच नाही.”

आत्याबाईंनी डोळे बारीक करून आत बघितलं. उठल्या, फळीवरून एक डबा काढला. हिरानं डबा ओळखला आणि ती मागं सरली. “त्या नको, आत्याबाई. त्या लाखाच्या आहेत.”

चातुर्मासात लाख वातींचं व्रत होतं त्यांचं. दुपारी भजन ऐकता ऐकता, शेजारणीशी बोलता बोलता, बोटं कापूस वळत असायची. कार्तिकात त्या सगळ्या देवापुढे लावायच्या होत्या.

“लाखाच्या हायत, व्हय. पुन्हा वळीन, बोटं कुठं पळून चाललीत?” आत्याबाईंनी एक वात उचलली, केरसुणीच्या काडीवर पीळ देऊन इतकी घट्ट बसवली की एक तंतू सुटा राहिला नाही. स्पिरिटात बुडवली आणि आत सरकवली. “आणि ही काय देवाला सोडून जात नाही. त्याच्याच घशातलं काढायलीय.”

त्या संध्याकाळी त्या दोघी टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसल्या. आत्याबाई वाती देत, हिरा पुसत. काळी झालेली वात बाजूला, नवी वात. कापसाचा एखादा तंतू चिकटला तर हिरा पोस्टकार्डाची कोरडी पट्टी ओढून तो काढायची. अडचण आली की आत्याबाई पुटपुटत, “हळू गं, लेकराचे कान पुसायलीस असं पूस.” शेवटी पत्र्या पिवळ्या झाल्या. स्प्रिंग बसली, टोप्या बसल्या. वास उडून जाईपर्यंत दोघींनी आळीपाळीनं पंख्यानं वारा घातला, जसा जेवायला बसलेल्या जावयाला घालतात.

रामकिसन पाळीवरून आला तर दोघी कीबोर्डाला वारा घालतायत! तो दारातच उभा राहिला.

“या,” आत्याबाई म्हणाल्या. “आईला सांगायची हिंमत नव्हती, आन म्हणं इलेक्ट्रिकलला हाय.”

दसऱ्याची सकाळ. दाराला तोरण, यंत्रांना आपट्याची पानं. पोरी नवे परकर नेसून ओट्यावर गोळा झालेल्या, त्यांच्या आया दारात. आत्याबाई पूजा आटोपून तबक घेऊन आल्या आणि हिरा कीबोर्डाशी सरकली. आत्याबाई संगणकापुढे आल्या. कोपऱ्यातला पाट ओढला, टेबलापासून हातभर लांब जमिनीवर ठेवला, त्यावर फूल ठेवलं, कोरडं. अक्षतासुद्धा पाटावरच टाकल्या. मग संगणकाकडे बघून म्हणाल्या, “तू तिथूनच बघ रे बाबा. तुला सर्दी होती.”

सगळ्या हसल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून काशीबाईचा आवाज आला आणि मागोमाग काशीबाई, नवं लुगडं, कानात सोनं, हातात चिमीचा हात.

“चल गं मास्तरीण. निगतं काय माजं नाव, का अजून घशात हाय?”

हिरा खुर्चीवर बसायला निघाली आणि थांबली. “मी नाही काढत. चिमी, तू ये.”

चिमी घाबरली. हिरानं तिला खुर्चीत बसवलं, कानात अक्षरं सांगितली. चिमीचं एक बोट कीबोर्डवर फिरायला लागलं, जसं काट्यांतून पापलेट सोडवावं तसं जपून. के. ए. एस. एच. काचेवर एच उमटला आणि हिरानं मागं धरलेला रामकिसनचा हात दाबला. आय. बी. बी उमटला! ए. आय. मग चिमीनं विचारलं, “बाय, गावाचं पन लिऊ?”

“लिही की. आधी ती लांब पट्टी दाब.”

चिमीनं लांब पट्टी दाबली. हिरवी खूण एक घर पुढे सरकली. मग तिनं ‘दांडी’ लिहिलं.

काशीबाई काचेला नाक लावून उभी राहिली. वाचता येत नव्हतं, पण तिनं दोन्ही शब्द बोटानं चाचपून बघितले, एक हा, एक हा. “हा मी, हा माजा गाव. बरोबर?”

“बरोबर, आये!” चिमी म्हणाली.

“आन ह्या मधी मोकळं कशाला ठेवलं गं? विसरलीस काय?”

हिरा सांगणार तोच आत्याबाई पुढं सरल्या. “ती मोकळी जागा नाय काशीबाई. काल सांजभर आम्ही दोघींनी घासून आणलीय ती. माझ्या लाखाच्या वाती लागल्यात तिला. नीट बघा!”

काशीबाईनं पुन्हा वाकून नीट बघितलं. मग कमरेचं आपट्याचं पान काढलं, आधी आत्याबाईंच्या हातावर ठेवलं, मग हिराच्या. “सोमवारपास्नं चिमी हितं,” ती म्हणाली. “मामाला कोलंबी मीच सोलून देईन. आन मास्तरीण, ते माजं नाव पुसू नको हां. संध्याकालपर्यंत तरी राहू दे.”

हिरानं पुसलं नाही. दिवसभर क्लासात येणारी प्रत्येक बाई काचेपुढे उभी राहून काशीबाईचं नाव बघत होती, आणि आत्याबाई खुर्ची ओढून शेजारी बसून, सणाचं नवं लुगडं नेसायलाही न उठता, लाखातल्या कमी पडलेल्या वाती पुन्हा वळत होत्या.